आईला न दाखवलेलं पुस्तक

दहावी-अकरावीत असताना वाचलेलं असं एक पुस्तक आठवा, जे तुम्ही घरात कुणाला दाखवलं नव्हतं. लगेच उत्तर नका देऊ, दोन मिनिटं घ्या. हाच प्रश्न घेऊन आम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरमधल्या पंधरा ते बावीस वयोगटातल्या मुलामुलींशी बोललो. जवळपास प्रत्येकानं आधी ‘छे, असं काही नाही’ म्हटलं. मग हसले. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाहीये ना, ते बघितलं आणि पुस्तकाचं नाव सांगितलं.

आधी आम्ही साधंच विचारत होतो, सध्या काय वाचताय? पण या प्रश्नाला मिळणारी उत्तरं फारच शहाणी असतात. ‘ॲटॉमिक हॅबिट्स’, ‘इकिगाई’, ‘सेपियन्स’. कॅम्पस इंटरव्ह्यूला द्यायची उत्तरं आपण सगळ्यांनीच पाठ करून ठेवलीयेत. कादंबरी वाचतो असं सांगायला मात्र उगाच लाजायला होतं, आणि त्यातही सोळा-सतराच्या पोरापोरींची कादंबरी म्हटलं की विचारूच नका. म्हणून प्रश्न बदलला. बदलल्यावर लोक जे बोलायला लागले ते थांबेचनात.

सर्वात जास्त वेळा आलेलं नाव कॉलिन हूवरचं. आश्चर्य नाही. अंधेरी स्टेशनबाहेर फूटपाथवर पुस्तकं मांडून बसणाऱ्यांकडे बघा, तिचं ‘इट एन्ड्स विथ अस’ दिसेलच, बहुतेक वेळा पातळ कागदावरची नकली प्रत. कादंबरी आली २०१६ साली, इन्स्टावरच्या रील्समुळे ती आपल्याकडे पोरींच्या बॅगांमध्ये पोचायला पुढची काही वर्षं गेली, आणि २०२४ मध्ये त्यावर सिनेमाही आला. आता गंमत अशी की ही मुळात किशोरांसाठीची कादंबरी नाहीच. नायिका कमावती आहे, लग्न करते, नवरा हात उगारतो. विषय घरातल्या मारहाणीचा. पण कव्हरवर गुलाबी रंग आणि फुलं, त्यामुळे दुकानात आणि मैत्रिणींमध्ये ती ‘टीनएजर्सची’ म्हणूनच फिरते.

हिच्यावर मतं अगदी टोकाची आहेत. मुलुंडच्या एका बारावीतल्या मुलीचं म्हणणं असं की मारणाऱ्या माणसाला आधी शंभर पानं इतकं गोड दाखवायचं म्हणजे फसवणूक आहे. तिच्याच शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं म्हणणं बरोब्बर उलट, मारणारा माणूस आधी गोडच असतो आणि म्हणूनच बाईला निघता येत नाही. दोघींचं यावरून आमच्यासमोर भांडण झालं. खरंखुरं, आवाज चढवून. सतरा वर्षांच्या दोन मुली कौटुंबिक हिंसेवर इतक्या नेमकेपणानं भांडताहेत, आणि दोघींच्याही घरी त्या ‘लव्हस्टोरी’ वाचतात म्हणून ओरडा बसतो. लेखनाच्या दर्जाबद्दल विचाराल तर माझं मत पहिल्या मुलीच्या बाजूचं आहे. पण पुस्तकानं दोघींना जे बोलायला लावलं, ते शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासानं लावलं नव्हतं, हेही खरंच.

बोरिवलीचा किस्सा तर वेगळाच. एकीनं हेच पुस्तक गादीखाली ठेवलं होतं. चादर बदलताना आईला सापडलं. आई काही बोलली नाही. चार दिवसांनी पुस्तक परत गादीखाली होतं, फक्त बुकमार्क पुढे सरकलेला. मग दोघींनी ते आळीपाळीनं वाचून संपवलं, तोंडानं एक शब्द न काढता. संपल्यावर आईनं सांगितलं की अगं, मी तुझ्या वयाची असताना ‘दुनियादारी’ अशीच लपवली होती, पण गादीखाली नाही, तांदळाच्या डब्यामागे.

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. तुमच्यापैकी बहुतेकांना ती २०१३ च्या सिनेमामुळे माहीत असेल, स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, ‘तेरी मेरी यारी’ वगैरे. पण त्याआधीची तीस वर्षं ही कादंबरी लायब्ररीतून लायब्ररीत, हॉस्टेलमधून हॉस्टेलमध्ये फिरत होती. शिरवळकर हे मंदार पटवर्धन, दारा बुलंद अशा नायकांच्या रहस्यकथा लिहिणारे लोकप्रिय लेखक, त्यामुळे ‘मोठ्या’ साहित्यिकांच्या यादीत त्यांचं नाव घ्यायला लोक कचरायचे. पुण्याच्या कॉलेजचा कट्टा, सिगारेटी, मारामाऱ्या, घरातून तुटलेली पोरं. आज त्याला आपण सरळ ‘यंग ॲडल्ट’ म्हटलं असतं. तेव्हा त्याला नावच नव्हतं, म्हणून ते तांदळाच्या डब्यामागे गेलं.

हे ‘यंग ॲडल्ट’ प्रकरण आलं कुठून? अमेरिकेत या जातीच्या पुस्तकांची सुरुवात बहुतेक जण १९६७ च्या ‘द आउटसायडर्स’पासून मोजतात. लेखिका एस. ई. हिंटन, ओक्लाहोमातल्या टल्सा गावची. लिहायला घेतलं तेव्हा पंधरा वर्षांची, पुस्तक आलं तेव्हा अठराची. मुलांच्या टोळ्यांबद्दल एका मुलीनं लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक गांभीर्यानं घेणार नाहीत, म्हणून प्रकाशकानं कव्हरवर पूर्ण नाव न टाकता आद्याक्षरं टाकली. आपल्या वयाच्या पोरांबद्दल जे छापून येतं ते आपल्यासारखं नसतंच, या वैतागातून तिनं हे लिहिलं होतं. पुढे प्रकाशकांनी साधारण बारा ते अठरा वयासाठी वेगळं कपाटच केलं. ‘ट्वायलाइट’, ‘हंगर गेम्स’, जॉन ग्रीनचं ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ हे सगळं त्याच कपाटातलं. शेवटच्यावर आपल्याकडे ‘दिल बेचारा’ निघाला, सुशांतसिंह राजपूतचा शेवटचा सिनेमा.

त्याच १९६७ साली मराठीत काय आलं माहितीये? ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांचा कर्ण. ऐकायला विचित्र वाटेल, पण जरा विचार करा. आपण नक्की कुणाचे हे माहीत नाही, अंगात गुण असून स्पर्धेत उभं राहू देत नाहीत, ज्या एकाच मित्रानं जवळ केलं त्याची बाजू चुकीची आहे हे कळतं पण सोडवत नाही. सोळाव्या वर्षी वाचण्यासाठी याहून परफेक्ट नायक कुठला? अंधेरीच्या एका पॉलिटेक्निकच्या मुलानं आम्हाला सांगितलं की त्यानं आयुष्यात एकच मराठी कादंबरी वाचलीये आणि ती ‘मृत्युंजय’ आहे, आणि ती त्यानं दोनदा वाचलीये. पहिल्यांदा आजोबांनी सांगितलं म्हणून. दुसऱ्यांदा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात, वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलत होते तेव्हा.

म्हणजे आपल्याकडे पुस्तकं नव्हती असं नाही. कपाट नव्हतं. आपल्या घरातला मराठी पुस्तकांचा प्रवास बघा. लहानपणी ‘किशोर’चे अंक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. हे झालं साधारण सातवीपर्यंत. त्यानंतर? त्यानंतर एकदम मोठ्यांचं. मधल्या पायरीवर कुणी हातच धरत नाही. तिथे मग इंग्रजी माध्यमवाल्यांना इंग्रजी यंग ॲडल्ट मिळतं आणि मराठी माध्यमवाल्यांना गाइड्स. वाचन सुटतं ते याच पायरीवर, हे आम्हाला मराठी शाळेतून आलेल्या एकाहून अधिक जणांनी अगदी याच क्रमानं सांगितलं: आठवीपर्यंत खूप वाचायचो, मग क्लास सुरू झाले.

या मधल्या पायरीवर जी थोडी पुस्तकं आपली आपण येऊन उभी राहिलीयेत, त्यांत पहिलं नाव मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चं. २००४ सालची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. सुजय डहाकेनं त्यावर केलेल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या आई-बाबांना ‘शाळा’ आवडते कारण त्यांना त्यांची शाळा आठवते. तुमच्या वयाची मुलं ती तशी वाचतच नाहीत. त्यांना नॉस्टॅल्जिया कसला असणार, ती अजून तिथेच आहेत की!

बोरिवलीत अकरावी-बारावीतल्या पाच जणांनी ‘शाळा’ एकत्र वाचली. एकच प्रत, पाच जण. त्यातल्या दोघी मुलींचा मुद्दा आम्हाला घरी येईपर्यंत छळत राहिला. मुकुंद शिरोडकरला लांबून बघत राहतो, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर थांबतो, तिच्या प्रत्येक छोट्या हालचालीचा अर्थ लावतो. वाचताना हे किती गोड वाटतं. पण हेच आज आपल्या क्लासबाहेर एखादा मुलगा रोज करायला लागला तर आपण त्याला काय म्हणू? एकीनं तर थेट विचारलं की सगळी गोष्ट मुकुंदच सांगतोय, मग शिरोडकरला काय वाटत होतं हे आपल्याला कळतं तरी कसं? यावर त्यांच्यातल्या एका मुलाचं उत्तर मला आवडलं. त्याचं म्हणणं, मुकुंदला स्वतःलाच भीती वाटत असते, तो सतत विचार करत असतो की हे बरोबर की चूक, तिला त्रास होईल का, आणि तो विचार करणं हीच तर कादंबरी आहे. मुली पूर्ण पटल्या नाहीत. पण त्यानंतर त्या मुलानं सांगितलं की त्याला स्वतःला असं बोलायला याआधी कुणी विषयच दिला नव्हता. मुलांमध्ये असल्या गोष्टी फक्त चेष्टेनं बोलल्या जातात. शिरोडकरच्या बाजूनं ‘शाळा’ कुणीतरी लिहायला हवी, यावर मात्र पाचही जणांचं एकमत आहे. लेखक मंडळी, ऐकताय ना?

भाषेचा अडथळा मात्र खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या पिढीला मराठी बोलता येतं, व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत लिहिताही येतं, पण देवनागरीतली तीनशे पानं म्हटलं की घाम फुटतो. अंधेरीची एक मुलगी आठवड्याला पाच पानं या वेगानं ‘शाळा’ वाचत होती. अडलेला शब्द आजीला विचारायचा. आजी शब्दाचा अर्थ सांगायची आणि त्यासोबत स्वतःच्या शाळेची एक गोष्ट. कादंबरी संपायला पावसाळा गेला. आजीच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे आजी नाही ते ऐकतात. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे, आणि लोकलमध्ये कानात इअरफोन घालून उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानात गाणंच चालू असतं असं समजू नका.

घाटकोपरला आम्हाला याचं उलटं उदाहरण भेटलं. घरात गुजराती बोलणारी, शाळेत मराठी फक्त एक विषय म्हणून शिकलेली मुलगी. तिचं आवडतं पुस्तक कुठलं असेल? प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’! आईशप्पथ, आम्हालाही अपेक्षित नव्हतं. २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ‘लंपन’ ही मालिका आली, ती बघून तिनं पुस्तक शोधलं. प्रकाश नारायण संत कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, आणि त्यांनी लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या, ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशा चार पुस्तकांत. लंपन आई-बाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहतो. भाषा बेळगावकडची, कानडी हेल असलेली. मुंबईच्या मराठी माणसालाही सुरुवातीला अडखळायला होतं. या मुलीचं म्हणणं, मला तर सगळंच मराठी थोडं परकं आहे, मग बेळगावचं काय आणि पुण्याचं काय, सगळं सारखंच. आम्हा मराठी लोकांना जे अवघड वाटलं ते तिला अवघड वाटलंच नाही.

पण लंपनचा खरा वाचक मुलुंडला भेटला. वय सतरा. घर रत्नागिरी जिल्ह्यात, इथे मामाकडे राहून जेईईचा क्लास करतो. मामा-मामी चांगले आहेत, हे त्यानं तीनदा सांगितलं. जेवायला मिळतं, वेगळी खोली नाही पण वेगळा टेबल-लॅम्प आहे. ‘वनवास’ त्याला मामाच्याच कपाटात सापडलं. त्याला त्यातलं काय आवडलं, तर लंपन दुःखी आहे असं पुस्तकात कुणी त्याला सांगत नाही. तो खेळतो, हुंदडतो, सुमीबरोबर बोलतो, आजीकडे लाडात असतो, आणि मध्येच कधीतरी त्याच्या पोटात कसंतरी होतं. हे असंच होतं, असं हा मुलगा म्हणाला. दिवसभर काही नसतं, आणि मग संध्याकाळी कुणाच्यातरी स्वयंपाकघरातून माशाच्या कालवणाचा वास येतो. त्यानं हे घरी फोनवर सांगितलंय का? नाही. आईला वाटेल मला इथे त्रास आहे. पुस्तकाचं नाव मात्र त्यानं आईला कळवलंय. ती गावच्या वाचनालयात विचारणार आहे.

‘कोसला’बद्दल वेगळं काय सांगायचं. भालचंद्र नेमाडेंनी १९६३ साली, वयाच्या पंचविशीत, पंचवीस वर्षांच्या पांडुरंग सांगवीकरची गोष्ट लिहिली आणि तेव्हापासून मराठी होस्टेलवासी तरुणांचे दोन तट पडलेत: चाळीस पानांत सोडणारे आणि दोन रात्रीत संपवणारे. आम्हाला दोन्ही भेटले. दुसऱ्या तटातले लगेच ओळखू येतात, दर वाक्यात ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणतात वगैरे. राम पटवर्धनांनी अनुवादित केलेलं ‘पाडस’ अनेकांच्या घरात आहे, पण हरणाच्या पिल्लाची गोष्ट म्हणजे लहान मुलांचं पुस्तक असं समजून कुणी उघडलेलं नाही. उघडा. ज्यांनी कुणी पहिलं प्रेमाचं जनावर गमावलंय, त्यांनी रुमाल घेऊन बसा.

आता ज्या उत्तरामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते. या वाचकानं अट घातली की वय लिहायचं नाही आणि कुठल्या स्टेशनचा तेही लिहायचं नाही. पुस्तक सचिन कुंडलकर यांचं ‘कोबाल्ट ब्लू’. मराठीत २००६ साली आलं. जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमा आला, तोही कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला. एका घरात भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा. घरात एक पेइंग गेस्ट येतो. दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. अर्धं पुस्तक भाऊ सांगतो, अर्धं बहीण. ज्याच्यावर दोघं प्रेम करतात त्याचं नाव शेवटपर्यंत येत नाही.

या वाचकानं आधी इंग्रजी पुस्तकं वाचली होती. अशा विषयावरची इंग्रजीत पुष्कळ आहेत, सुंदर आहेत. पण त्यात मुलगा घरच्यांना सांगतो, मग रडारड होते, मग मिठी मारतात, मग शाळेत कार्यक्रम असतो. त्याला ते सगळं सिनेमातल्या बर्फासारखं वाटायचं. बघायला छान, पण आपल्याकडे पडत नाही. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये पहिल्यांदा त्याला आपल्यासारखं घर दिसलं. मराठी मध्यमवर्गीय, भरलेलं, सगळ्यांची सगळ्यांवर नजर, आणि तरी कुणाला काहीच न दिसणारं. तनय दुःखी आहे आणि घरात कुणी त्याला विचारतही नाही, कारण सगळं लक्ष बहिणीच्या पळून जाण्याकडे आहे. तो म्हणाला की हे वाचेपर्यंत त्याला वाटायचं मराठीत या गोष्टीला फक्त शिव्या आहेत. मराठीत यासाठी वाक्यंही आहेत, हे त्याला तेव्हा कळलं.

लक्षात घ्या, हे पुस्तक आलं तेव्हा कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं. सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान व्यक्तींमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले ते ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे कायद्याच्या बारा वर्षं आधी ही कादंबरी वाचनालयांच्या कपाटात जाऊन बसली होती. त्यानं ती एका जुन्या वाचनालयातून घेतली. काउंटरवर बाबांच्या वयाचे गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कव्हर बघितलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि एवढंच सांगितलं की पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर दंड लागेल. त्या गृहस्थांना पुस्तक माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. त्याला मात्र तो आयुष्यातला सर्वात मोठा क्षण वाटला. दंड भरून त्यानं ते दीड महिना ठेवलं.

वाचनालयांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या आसपास काय आहे ते जरा बघा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं, त्याच्या शाखा उपनगरांत आहेत. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाला, म्हणजे आपल्या टिळक मंदिराला, १९२३ पासूनचा इतिहास आहे आणि तिथलं फाटक ग्रंथसंग्रहालय अंधेरीकरांना एका स्टेशनावर आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे, गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्टचं. डिपॉझिट आणि वर्गणी मिळून साधारण एका पिझ्झाच्या खर्चात जमेल असं हे प्रकरण आहे. अडचण पैशांची नाही, अडचण अशी की तिथे जाऊन मागायचं काय हे आपल्याला माहीत नसतं. बालविभाग वेगळा असतो, आणि मग कादंबऱ्या, लेखकांच्या नावानं लावलेल्या. सोळा वर्षांच्या माणसाला लेखकांची नावं कुठून माहीत असणार? एखाद्या वाचनालयानं फक्त एक फळी रिकामी करून त्यावर ‘शाळा’, ‘वनवास’, ‘दुनियादारी’, ‘कोबाल्ट ब्लू’, ‘पाडस’ मांडून ठेवलं तरी पुष्कळ होईल. पाटीवर काही लिहायची गरज नाही. खरं तर न लिहिलेलंच बरं, ‘युवकांसाठी’ असं लिहिलं की आपण तिथून पळ काढतो.

पुरस्कारांचंही असंच आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे आणि युवा पुरस्कारही आहे. पण युवा पुरस्कार म्हणजे युवकांसाठीच्या पुस्तकाला नाही, तर पस्तिशीच्या आतल्या लेखकाला. अर्थात कधीकधी दोन्ही जुळून येतं. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला २०२१ चा युवा पुरस्कार मिळाला, आणि ती कॉलेजच्या वयातल्या भरकटलेल्या मुलाचीच कादंबरी आहे. आम्हाला भेटलेल्या विशीच्या पुढच्या दोघांनी तिचं नाव घेतलं. त्यातल्या एकाचं म्हणणं, हे वाचून बरं वाटत नाही, पण खोटंही वाटत नाही.

शेवटी आम्ही सगळ्यांना विचारलं की तुमच्यावर कादंबरी लिहायची तर त्यात काय हवं? उत्तरं ऐका. बोरिवलीवाल्यांना लोकल हवी, पण ‘मुंबईची लाइफलाइन’ छापाची नको. विरारवाल्यांशी दारात रोज होणारं भांडण हवं. मुलुंडला क्लासच्या टेस्टचे रँक हवेत, जे दर रविवारी आई-बाबांच्या फोनवर मेसेजनं येतात आणि त्यानंतर घरात टीव्हीचा आवाज वाढतो. अंधेरीला मेट्रो हवी. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ ला सुरू झाली, म्हणजे आज जे पंधरा-सोळाचे आहेत त्यांना ती नसल्याचं आठवतही नाही, आणि एकाही मराठी कादंबरीत त्यांना ती भेटलेली नाही. रिडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग हवी, जिथले मित्र चार दिशांना भाड्यानं गेलेत. शेवटी उपदेश करणारे सर नकोत, हे सगळ्यांनी सांगितलं. आत्महत्येचा विचार करणारी मैत्रीण असेल तर तिला शेवटच्या पानावर ‘जीवन सुंदर आहे’ म्हणायला लावू नका, असं एकीनं सांगितलं. तिच्या आवाजावरून आम्ही पुढे काही विचारलं नाही, फक्त ती मैत्रीण आता कशी आहे एवढं विचारलं. बरी आहे. मोठ्यांना सांगितलं, डॉक्टर चालू आहे. दोघी मिळून सध्या ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ वाचताहेत.

आणि घाटकोपरला एक सोळा वर्षांची मुलगी आहे, तिनं या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. बाकीचे निघून गेल्यावर तिनं फोन काढून नोट्सचं ॲप दाखवलं, लांबून, वाचता येणार नाही असं. मराठीत लिहिलंय, मराठी कीबोर्डवर, रोज मेट्रोत. फोनच्या हिशेबानं बरंच झालंय, पानं किती होतील तिला माहीत नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही. आम्ही नाव विचारलं, कादंबरीचं. ते ठरायचंय. शाळेचं नाव मात्र बदलावं लागेल, असं ती म्हणाली, कारण त्यातले सर खरे आहेत.